आधी बेरीज, मग परतफेड

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

पत्रलेखक ३८ वर्षांचे असून पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. पत्नी घरी शिवणकाम करते, मुलगी चौथीत आहे आणि एसटीतून निवृत्त झालेले वडील त्यांच्याजवळच राहतात. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद असताना त्यांनी मोबाइलवर रमी खेळायला सुरुवात केली आणि पहिल्याच महिन्यात २३ हजार रुपये जिंकले. पुढे क्रिकेटच्या टीम लावणे आले. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली तेव्हा त्यांना सुटल्यासारखे वाटले. परंतु दीड महिन्यातच एका ओळखीच्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर सट्ट्याचा ‘आयडी’ (म्हणजे सट्टा लावण्याचे खाते) दिला आणि उधारीवर खेळायची सोयही करून दिली. आज शिक्षकांच्या पतसंस्थेचे ६ लाख २० हजार रुपये कर्ज शिल्लक असून दोन सहकारी त्याला जामीन आहेत. पत्नीच्या पाटल्या व गंठण १ लाख ८० हजारांना तारण आहेत. ते दागिने लॉकरमध्ये असल्याचे त्यांनी पत्नीला सांगितले आहे. चार कर्ज-अ‍ॅप्सचे १ लाख ३५ हजार, मेहुण्याचे हातउसने १ लाख आणि आयडी देणाऱ्याचे ६५ हजार देणे आहे. कुलदैवतापुढे दोनदा शपथ घेतली आणि दोनदा मोडली. ते लिहितात : ‘एकूण सात-आठ लाखांचे देणे आहे. प्लॉट घ्यायचा आहे असे सांगून वडिलांची ठेव मोडायला लावावी, किंवा एकदा मोठी रिकव्हरी व्हावी, म्हणजे सगळे फेडून कायमचे बंद करीन आणि मगच पत्नीला सांगेन. तोवर इच्छाशक्ती कशी वाढवू? कधी कधी वाटते, मी नसतो तर विम्याच्या पैशांत हे लोक सुटले असते.’ ताजा कलमात त्यांनी विचारले आहे की, मुलीला क्रिकेटचे वेड आहे, तिच्याबरोबर सामने बघितले तर चालेल का?

उत्तर :

तुमच्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य मी आधी घेते, कारण बाकीचे सारे त्यानंतरही बोलता येईल. आपण नसतो तर घरचे सुटले असते, हा विचार जुगाराच्या कर्जात अडकलेल्या फार माणसांच्या मनात येतो आणि तो येतो तेव्हा हिशेबासारखा पटणारा वाटतो. तो हिशेब चुकलेला आहे. तुमच्या घराला आज अकरा लाखांची ददात आहे. नवरा, बाप आणि मुलगा गमावल्याची भरपाई कोणत्याही विम्यात नाही. हा विचार पुन्हा आला, किंवा आत्ता वाचतानाही मनात असेल, तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक लावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास आणि विनामूल्य आहे, मराठीत बोलता येते, आणि समोरचा माणूस तुमची शाळा कोणती हे विचारत बसत नाही. तेवढाही धीर होत नसेल तर शेजारच्या खोलीत झोपलेल्या वडिलांना उठवा आणि ‘मला एकट्याने बसवत नाही’ एवढेच सांगा. कारण सांगायला सकाळ आहे. जीव धोक्यात आहे असे वाटले तर ११२ आहेच.

आता ‘अकरा लाख’ हा आकडा मी कुठून आणला, असे तुम्हाला वाटले असेल. तुम्ही ‘सात-आठ लाख’ लिहिले आहे. पण तुम्हीच खाली दिलेल्या पाच रकमा मी कागदावर एकाखाली एक मांडल्या, आणि बेरीज बरोबर अकरा लाख आली. तुम्ही चौथी-पाचवीच्या मुलांना हातच्याची बेरीज शिकवता. तुम्हाला ती येत नव्हती असे नाही. तीन लाख रुपये तुमच्या स्वतःच्या नजरेतून निसटले, कारण इतकी वर्षे या रकमा तुम्ही कधी एका कागदावर येऊच दिल्या नाहीत. एक पतसंस्थेच्या पासबुकात, एक मोबाइलच्या संदेशात, एक मेहुण्याच्या स्मरणात आणि एक तुमच्या झोपेत, अशा त्या वेगवेगळ्या राहिल्या.

माझे एक मामा गिरणीत होते आणि मटका खेळत असत. कापसाच्या न्यूयॉर्कहून येणाऱ्या उघडत्या-मिटत्या भावांवर मुंबईत आकडा लावायची जुनी चाल होती; ते भाव येणे बंद झाल्यावर १९६०च्या दशकात चिठ्ठ्यांचा मटका सुरू झाला आणि गिरणगावात तो घराघरांत पोहोचला. मामांच्या खिशात एक छोटी डायरी असे. आकडा लागला की तारखेसह रक्कम लाल शाईने लिहिलेली. मामा गेल्यावर ती डायरी माझ्या हाती आली, तेव्हा लक्षात आले की तिच्यात हरलेली एकही रक्कम नाही. ती डायरी वाचणाऱ्याला मामा नशीबवान वाटले असते. मामींना मात्र खोलीचे भाडे चार महिने थकल्याचे घरमालकाकडून कळले होते. तुमच्या पत्रातही जिंकलेले २३ हजार अगदी रुपयासकट आठवतात आणि हरलेल्यांची बेरीज अंदाजाने येते, हे वाचून मला त्या लाल शाईची आठवण झाली.

तुमच्या योजनेमागे तीन समजुती आहेत. कर्ज हेच मूळ दुखणे आहे, त्यामुळे कर्ज फिटले की खेळ सुटेल, ही पहिली. सुटत नाही याचे कारण इच्छाशक्ती कमी पडते, ही दुसरी. आणि पत्नीला न सांगण्यात तिचे रक्षण आहे, ही तिसरी. तिन्ही मला तपासून पाहाव्याशा वाटतात, आणि सर्वांत जास्त वेळ मी तिसरीवर घालवणार आहे.

‘रिकव्हरी’चे आधी आटपते. आयडीवर लावलेल्या प्रत्येक रकमेतून चालवणाऱ्याचा वाटा निघतो. तो भावातच मुरवलेला असल्याने वेगळा दिसत नाही. समजा तो शंभरात पाचच रुपये आहे. तर दहा हजार रुपये पन्नास वेळा फिरवल्यावर सरासरीने तुमच्या हाती आठशे रुपयेही उरत नाहीत. अधूनमधून एखादा मोठा डाव लागतो, हे खरे आहे, आणि तोच घात करतो. केव्हा मिळेल ते ठाऊक नसलेले बक्षीस हे ठरल्या वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा जास्त घट्ट सवय लावते, हे मानसशास्त्राने प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कधीच दाखवून दिले आहे. त्यातच एका धावेने किंवा एका पानाने हुकलेला डाव मेंदूला हरल्यासारखा न वाटता ‘जवळ आलो होतो’ असा वाटतो. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे हे तर या आजाराच्या निदानातील एक लक्षणच आहे. तुम्ही ज्याला सुटकेचा मार्ग म्हणता, त्याला डॉक्टर आजाराची खूण म्हणतात.

आजार हा शब्द मी तुम्हाला बरे वाटावे म्हणून वापरलेला नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये जुगाराचे व्यसन दारू आणि इतर अमली पदार्थांच्या शेजारी, व्यसनांच्याच प्रकरणात नेऊन ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही ते तसेच आहे. पार्किन्सनच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे, जन्मात लॉटरीचे तिकीट न घेतलेली माणसे अचानक जुगार खेळू लागतात आणि डॉक्टरांनी औषध बदलले की थांबतात, हे नोंदवले गेलेले आहे. (घरात कुणाच्या बाबतीत असे दिसले तर औषध स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.) त्या माणसांची इच्छाशक्ती गोळीबरोबर कमी-जास्त झाली, असे आपण म्हणत नाही. मग तुम्ही स्वतःला तसे का म्हणता? कुलदैवतापुढची शपथ खरी होती, याबद्दल मला शंका नाही. पण ती शपथ घेऊन तुम्ही घरी परतलात तेव्हा खिशात तोच फोन होता, त्यात तेच यूपीआय होते, पगार त्याच खात्यात येत होता आणि या सगळ्याचा पासवर्ड जगात फक्त तुम्हालाच ठाऊक होता. अशा स्थितीत रात्री दीड वाजता शपथ पाळायची म्हणजे रोज नव्याने लढाई जिंकायची, आणि ती एकदाच हरली तरी पुरे होते. त्यापेक्षा लढाईची वेळच कमी यावी, अशी व्यवस्था करणे जास्त शहाणपणाचे आहे.

बंदीच्या बाबतीत तुमचा अनुभव हेच सांगतो. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या कायद्याने कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळायचा प्रत्येक ऑनलाइन खेळ चालवणे, त्याची जाहिरात करणे आणि त्यासाठी पैशांची देवघेव हाताळणे हे गुन्हे ठरवले, आणि देशातील मोठ्या अ‍ॅप्सनी पैशांचे डाव बंद केले. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही, हे मुद्दाम सांगते, कारण मदत मागितली तर पोलीस येतील या भीतीने गप्प बसणारे पुष्कळ आहेत. दीड महिना तुम्ही खरोखर खेळला नाहीत. ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. फक्त त्या दीड महिन्यात घरात कुणालाच काही ठाऊक नसल्याने, आयडीचा संदेश आला तेव्हा तुमच्या आणि त्या संदेशाच्या मध्ये दुसरे माणूस नव्हते.

म्हणून पत्नीला सांगणे हे तुमच्या यादीत शेवटी आहे, ते मी सर्वांत वर आणायला सांगते आहे. तुम्ही म्हणता, तिला धक्का बसेल. बसेलच. पण दागिन्यांच्या लिलावाची नोटीस तिच्या हातात पडली तर तो धक्का कमी असेल का? त्या पाटल्या तिच्या आहेत. तिच्या वस्तूचे काय झाले हे तिला न सांगण्याला तुम्ही काळजी म्हणता. मला तो शब्द तिथे बसत नाही. शिवाय तिला काहीच जाणवले नसेल, हेही मी धरून चालत नाही. फोन घेऊन न्हाणीघरात अर्धा तास बसणारा, पगाराचा संदेश आला की माडीवर जाणारा, सामन्याच्या शेवटच्या षटकात मुलीवर खेकसणारा नवरा रोज जिच्या समोर आहे, तिने मनात काही ना काही कारण धरलेले असते, आणि ते बहुधा खऱ्याहून वाईट असते.

कसे सांगायचे, तेही बोलू. रात्री सांगू नका. रात्री बोलणे वाढते आणि झोप कुणालाच येत नाही. मुलगी घरात नसेल अशी रविवारची दुपार निवडा. एक कागद घ्या. त्यावर पाचही रकमा, कुणाच्या, केव्हापासून, व्याज किती, हप्ता किती, असे स्वतःच्या हाताने लिहा आणि खाली बेरीज करा. सोबत बँकेच्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा आणि दागिन्यांच्या तारणाची पावती ठेवा. बोलायचे वाक्य लहान असू द्या : ‘मी पाच वर्षे जुगार खेळतोय, अकरा लाख देणे झाले आहे, तुझ्या पाटल्या तारण आहेत, मला थांबायचे आहे आणि एकट्याने जमत नाही.’ ‘पण’ हा शब्द त्यात नको. कोरोना, सहकारी, आयडी देणारा, यांची नावे त्या दिवशी घेऊ नका. लगेच माफीही मागू नका, कारण माफी मागितली की तिला उत्तर द्यावे लागते, आणि तिला त्या वेळी फक्त तो कागद वाचायचा असेल. ती रडेल, चिडेल किंवा चार दिवस बोलणार नाही; माहेरी फोन करायचा म्हणाली तर अडवू नका. जितके लपवले तितके सगळे एकदाच सांगा. एक रक्कम ‘नंतर सांगू’ म्हणून मागे ठेवलीत आणि ती महिन्याने बाहेर आली, तर पहिल्या दिवशी सांगितलेले सारे खोटे ठरते.

वडिलांची ठेव प्लॉटच्या नावाखाली मागण्याचा विचार सोडून द्या, हे मी अगदी स्पष्ट सांगते. त्यात एक नवे खोटे आहे, हे तर झालेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, व्यसन चालू असताना एकरकमी कर्ज फेडून देणे हे दिसायला मदत असले, तरी प्रत्यक्षात त्याने पत मोकळी होते, आणि मोकळी झालेली पत पुन्हा वापरली जाते. हे सदर वाचणाऱ्या आई-वडिलांना आणि भावंडांनाही माझे हेच सांगणे आहे : मुलाला दवाखान्यात न्या, घरात जेवू घाला, त्याच्या मुलांची फी थेट शाळेत भरा, पण त्याच्या हातात रक्कम देऊ नका आणि त्याचे देणे परस्पर मिटवू नका. वडिलांना सत्य सांगून, पत्नीसमोर, काही महिने खेळ बंद राहिल्यानंतर दागिने सोडवण्यापुरती मदत मागणे ही वेगळी गोष्ट आहे. तिचा विचार तेव्हा करता येईल. पतसंस्थेकडून वाढीव कर्ज घेऊन बाकीची देणी मिटवायचा मोहही तसाच आहे. व्याजदराच्या हिशेबाने तो चुकीचा नाही, माणसाच्या हिशेबाने आहे : आज तुमच्या खात्यात दोन लाख आले तर ते कुठे जातील, हे आपण दोघेही जाणतो.

पत्नीला सांगितल्यानंतरच्या आठवड्यात पैशांची वाट बदला. पगार ज्या खात्यात येतो तिथून घरखर्चाची रक्कम पगाराच्याच दिवशी पत्नीच्या खात्यात जाईल, अशी स्थायी सूचना बँकेत लेखी द्या. तुमच्या फोनमधले यूपीआय काढून टाका. बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद ठेवता येतात, ते बंद करा आणि पासवर्ड पत्नीला बदलू द्या. खिशात रोजच्या चहा-पेट्रोलपुरती रोकड असू द्या. पगार झाल्याचा संदेश हाच तुमच्यासाठी घंटा वाजल्यासारखा आहे, असे तुमच्या पत्रावरून दिसते. म्हणून बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक काही काळ पत्नीचा ठेवता आला तर पाहा. आयडी देणाऱ्याचा क्रमांक, ते गट, टिप देणाऱ्या वाहिन्या, सगळे त्याच दिवशी अडवा, आणि तो गावातच भेटतो म्हणून त्याच्या टपरीवरून जाणारा रस्ताही बदला. जुगाराची संकेतस्थळे अडवणारी साधने मिळतात. ‘बेटब्लॉकर’ हे त्यांतले एक मोफत आहे. ती काही अभेद्य नाहीत, परंतु अडथळ्याने जी पंधरा-वीस मिनिटे मिळतात तीच मोलाची असतात, कारण खेळायची ओढ लाटेसारखी चढते आणि तेवढ्या वेळात उतरतेही. त्या वेळात काय करायचे हे आधीच ठरवून ठेवा. अंगणात जा, वडिलांपाशी बसा, पाणी भरा, कुणालातरी फोन करा. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, हा नियम घरातल्या सगळ्यांना असू द्या, म्हणजे तो एकट्या तुमच्यावरचा पहारा वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र सांभाळा. पत्नीला तुमची फौजदार करू नका. रोज रात्री फोन तपासण्याचे काम तिच्यावर टाकलेत, तर थोड्याच दिवसांत ती दमेल आणि तुम्ही चिडाल. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, दोघांनी मिळून खात्याचा उतारा पाहायचा आणि बाकी दिवस त्यावर बोलायचे नाही, हे जास्त टिकते. आणि तुमच्या देण्यापायी तिच्या नावावर एक रुपयाचेही कर्ज घेऊ नये.

उपचाराबद्दल तुम्ही काहीच विचारलेले नाही, त्यावरून तो विचार मनात आला नसावा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. केसपेपर काढून तिथे जा आणि ‘जुगाराचे व्यसन आहे, झोप लागत नाही, जगणे नकोसे वाटते’ असे तिन्ही सांगा. झोप आणि उदासीनता यांच्यावर उपचार झाला की बाकीचे बरेच सोपे होते. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या समुपदेशनाचा या व्यसनात चांगला उपयोग होतो. काही रुग्णांना डॉक्टर मूळची दारू व अफूच्या व्यसनासाठी असलेली औषधेही देतात, तो निर्णय त्यांचा. शाळेत कळेल ही भीती असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. शिवाय १९५७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘गॅम्ब्लर्स अ‍ॅनॉनिमस’ या स्वमदत गटाच्या सभा आता ऑनलाइनही होतात. तिथे आडनाव सांगावे लागत नाही. गावातल्या माणसाला, जिथे दवाखान्याबाहेरच्या बाकावर पालक भेटू शकतात, ही सोय लहान नाही.

देण्यांचा क्रम आता थोडक्यात. पतसंस्थेचा हप्ता पगारातून कापला जातो, तो चालू राहू द्या. तो चालू आहे तोवर जामीनदारांना झळ नाही आणि त्यांना आजच सारे सांगण्याची गरज मला वाटत नाही. दागिन्यांचे व्याज वेळेवर भरा, म्हणजे लिलाव टळेल. मेहुण्याला पत्नीच्या संमतीने खरे सांगून मुदत मागा. कर्ज-अ‍ॅप्सपैकी कोणती बँकांशी किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थांशी जोडलेली आहेत हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत पाहा. त्यांच्याशी लेखी बोलून हप्ते बांधून घेता येतात, आणि त्यांच्या वसुली करणाऱ्यांना सकाळी आठपूर्वी व संध्याकाळी सातनंतर फोन करण्याची मुभा नाही. जी यादीत नाहीत आणि नातेवाइकांना फोटो पाठवायच्या धमक्या देतात, त्यांची तक्रार १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर करा. तुम्ही सावकाराकडे गेला नाहीत, हे बरे केलेत. जे गेले आहेत त्यांनी परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा, २०१४ चा राज्याचा कायदा त्यासाठीच आहे.

आयडीवाल्याचे ६५ हजार शेवटी येतात, खरे तर क्रमात येतच नाहीत. तुम्ही लिहिले आहे, ‘ते तरी आधी द्यायला हवेत, शब्दाचा प्रश्न आहे.’ शब्द मेहुण्याला दिला होतात, तो मोडला. जामीनदारांनी तुमच्या शब्दावर सही केली. त्यांच्यापुढे हा माणूस कुठून आला? १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ३०व्या कलमानुसार पैजेचा करारच रद्दबातल आहे, त्याच्या आधारे कोर्टातून वसुली होत नाही. तो घरी येऊन दमदाटी करील ही भीती खरी असू शकते. म्हणून त्याचे संदेश पुसू नका, जपून ठेवा, आणि एखाद्या वकिलाला बरोबर घेऊन पोलिसांकडे जायची तयारी ठेवा. लपवायचे काही उरले नाही, की त्याच्या हातातले ‘घरी सांगीन’ हे हत्यार आपोआप जाते.

पहिले काही आठवडे चिडचिड होईल, झोप उडेल, जेवण गोड लागणार नाही. एखाद वेळी पाय घसरेलही. तसे झाले तर चोवीस तासांच्या आत पत्नीला आणि डॉक्टरांना सांगायचे, असे आजच दोघांनी ठरवून टाका. किती गेले यापेक्षा किती दिवस लपवले, ते जास्त महाग पडते.

मुलीच्या क्रिकेटबद्दल तुम्ही ताजा कलमात विचारलेत, आणि पत्रातला तो एकच प्रश्न वाचून मला जरा हायसे वाटले. या हंगामात तिच्याबरोबर सामने बघू नका, असेच मी सांगेन. समोर भाव नसला तरी डोक्यात तो चालूच राहील आणि तुम्ही तिच्या शेजारी बसूनही तिच्याजवळ नसाल. तिला सामना आजोबांबरोबर बघू द्या. तुम्ही संध्याकाळी फोन घरात ठेवून तिला घेऊन शाळेच्या मैदानावर जा, आणि ती फलंदाजी करील तेव्हा गोलंदाजी तुम्ही टाका.